एक काकडी आणि एकाहत्तर मांजरं

माझ्या सासूबाईंनी एकाहत्तर घरांची दारं वाजवून आपली चूक सांगितली. त्यातलं पहिलं घर आमचंच होतं, आणि सगळ्यात मोठा आरडाओरडा तिथेच झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण आता सगळे नातेवाईक ‘आम्ही पहिल्यापासून त्यांच्याच बाजूनं होतो’ म्हणत फिरतात. कुणीही नव्हतं. मीसुद्धा नव्हते.

सासूबाई गेली बावीस वर्षं प्राण्यांच्या एका दवाखान्यात मदतनीस आहेत. दवाखाना एवढासा. बाहेर दोन बाकं, आत स्टीलचं टेबल, कोपऱ्यात वजनकाटा आणि भिंतीला लागून आपल्या घरात असतो तसाच एक साधा फ्रिज. डॉक्टर सुई टोचतात आणि सासूबाई जनावर धरतात. कुत्रा कुणीही धरेल, त्यात फारसं काही नाही. मांजर धरायला अंगात वेगळी कला लागते. सासूबाई टेबलावर टॉवेल पसरतात, मांजर मधोमध ठेवतात, डावी बाजू उजवीकडे, उजवी डावीकडे, मागची घडी वर, आणि फक्त डोकं बाहेर. ‘हे काय चाललंय’ असं मांजराच्या मनात येईपर्यंत सुई टोचून झालेली असते. म्हणून सगळे त्यांना टॉवेलमावशी म्हणतात. आमच्या लग्नात भेट म्हणून सहा टॉवेल आले होते. त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता.

त्यांचं दुसरं काम म्हणजे लोकांच्या मागे लागणं. ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. “आमचं मांजर घराबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही, त्याला कशाला लस?” असं कुणी म्हणालं, की त्या विचारतात, “मांजर नाही टाकत, तुम्ही टाकता ना? बाहेरून येताना चपला काय डोक्यावर घेऊन येता?” रोग चपलेला चिकटून घरात येतो, हे त्या बावीस वर्षं सांगत आल्या आहेत. त्यांचं आणखी एक म्हणणं असं, की लस हे आज काहीच न दिसणारं काम आहे. दहा वर्षांनी मांजर खिडकीत बसून तुमच्याकडे तुच्छतेनं बघत असेल, तर समजायचं लस लागू पडली.

या सगळ्यात त्यांना पुरून उरले ते एकटे कुलूपवाले. दवाखान्याच्या बरोब्बर समोर त्यांचं किल्ल्या घासायचं दुकान आहे. गल्ल्यावर एक करडी मांजरी झोपलेली असते, तिचं नाव बिजागरी. तीन वर्षं सासूबाई त्यांच्या मागे होत्या आणि तीन वर्षं ते एकच उत्तर देत होते: “हिच्या आईला कुणी लस दिली होती? चौदा वर्षं जगली.”

“आणि हिची भावंडं?” सासूबाईंनी एकदा विचारलं.

पाचांपैकी बिजागरी एकटी उरली होती. कुलूपवाले कानस उचलून पुढची किल्ली घासायला लागले, पण लस दिली नाही. शेवटी या उन्हाळ्यात त्यांनी हात टेकले. “घ्या बाई, टोचा एकदाची. पण माझ्या दुकानात येऊन हे रोजचं पुराण लावणं बंद करा.” त्या दिवशी सासूबाई घरी आल्या त्या एखादी शर्यत जिंकल्यासारख्या.

उन्हाळाही तसाच होता. टेबलाला हात लावला तर चटका बसावा. लस गरम झाली की वाया जाते, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. दिवसातून दोनदा वीज जायची, आणि प्रत्येक वेळी त्यांचा जीव फ्रिजमध्ये अडकायचा. म्हणून एके दिवशी त्यांनी फ्रिजचा नॉब तीनवरून फिरवून सातवर नेला. त्यांचा हिशेब साधा होता: उन्हानं दूध नासतं, उन्हानं लस नासते, तेव्हा जितकं थंड तितकं बरं. रोज सकाळी फ्रिजच्या दारात लावलेला तापमापक बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा, हा त्यांचा नेम. रोज चार अंश. रोज त्यांच्या मनाला समाधान. पुढे सगळं कळल्यावर मी म्हटलं, “आई, कुणीही हेच केलं असतं.” तर म्हणाल्या, “कुणीही केलं नाही. मी केलं.”

हे उघडकीला आलं ते काकडीमुळे.

फ्रिजवर सासूबाईंनी लिहून ठेवलंय, ‘औषधांशिवाय काहीही ठेवू नये.’ डॉक्टरांचं पोट जरा सुटलंय, त्यामुळे त्यांच्या बायकोनं दुपारसाठी काकडीची शिस्त लावलेली. गरम काकडी त्यांना खाववत नाही. मग साठीचा हा माणूस शाळेतल्या पोरासारखी लशींच्या खोक्यांमागे काकडी लपवायचा. उन्हाचा जोर ओसरला त्या आठवड्यात सासूबाईंनी फ्रिज पुसायला काढला, आणि अगदी मागे, भिंतीला टेकलेली, त्यांच्या हाताला काकडी लागली. दगडासारखी कडक. ती घेऊन त्या डॉक्टरांना झापायला निघाल्या. टेबल पाच पावलांवर. तिसऱ्या पावलाला त्या थांबल्या.

काकडी गोठली होती, आणि ती मांजरांच्या लशींच्या खोक्यांना खेटून ठेवलेली होती.

त्यांनी दारातला तापमापक काढून मागे ठेवला, दार लावलं आणि समोर स्टूल घेऊन अर्धा तास बसून राहिल्या. बाकांवर माणसं खोळंबली होती, एक पोपट ओरडत होता, पण त्या उठल्या नाहीत. दार उघडलं तेव्हा पारा उणे तीनवर होता. दार सारखं उघडतं, म्हणून दारात चार अंश. मागे मात्र बर्फ. आणि आमच्याकडे वापरतात ती पातळ लस एकदा गोठली, की पुन्हा वितळली तरी उपयोगाची राहत नाही. दिसते अगदी पूर्वीसारखी. सुईतून जाते पूर्वीसारखी. फक्त काम करत नाही.

वहीत नॉब फिरवल्याची तारीख होतीच. तेव्हापासून साडेपाच आठवडे. एकाहत्तर मांजरं.

डॉक्टर आधी काकडीबद्दल माफी मागायला लागले. मग सासूबाईंनी सगळं सांगितलं आणि ते खुर्चीत बसले.

“सगळ्याच गोठल्या असतील असं थोडंच आहे?” ते म्हणाले.

“कुठल्या गोठल्या नाहीत ते सांगा, तेवढ्या सोडून देते.”

“पुढच्या वर्षी बूस्टरला सगळे येतीलच. तेव्हा होईल भरपाई. तोवर कुणाला कळणार आहे?”

“माणसांना नाही कळणार. रोगाला कळेल.”

डॉक्टर वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. रात्रीबेरात्री फोन आला तर पायजम्यावर धावणारे आहेत. पण महिनाभरापूर्वीच कोपऱ्यावर काचेच्या दारांचा एक नवा दवाखाना उघडला होता. आत गार हवा, मासिकं, मांजरांना बसायला वेगळी खोली. डॉक्टर घाबरले होते. ते म्हणाले, “मावशी, मी तुमचं नाव कुठेही घेणार नाही. तुम्ही शांत राहा.”

“माझं नाव घ्यायचंच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “नॉब मी फिरवला.”

मग त्यांनी खोक्यावरचा नंबर बघून थेट लस बनवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, गोठलेली लस फेकून द्या, टोचली असेल तर पुन्हा टोचा. डॉक्टरांनीही शेवटी मान्य केलं, की मांजराला पुन्हा लस दिल्यानं धोका नाही, धोका न देण्यात आहे. पण ‘लोकांना काय सांगायचं ते मी बघतो’ हे त्यांचं पालुपद चालूच होतं. सासूबाई बघत बसण्यातल्या नव्हत्या. त्यांनी दोन बाटल्या पिशवीत टाकल्या, एक गोठून वितळलेली आणि एक नव्या खोक्यातली, आणि घरी आल्या.

आमच्या घरी काय झालं ते आता सांगते. आमची लंगडी मांजरीही त्या एकाहत्तरांत होती. ती सासूबाईंच्या मांडीवर बसली होती आणि आम्ही दोघं त्यांच्यावर तुटून पडलो होतो.

“आई, झाकली मूठ सव्वा लाखाची,” माझा नवरा म्हणाला. “बावीस वर्षांचं नाव आहे तुझं.”

“अरे, मुठीत मांजर आहे,” त्या म्हणाल्या. “झाकून ठेवलं तर गुदमरेल.”

मी म्हटलं, “हात दाखवून अवलक्षण कशाला? डॉक्टर हळूहळू बोलावतील सगळ्यांना, काहीतरी कारण सांगून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी चालवायला शिकवते, एका ड्रायव्हिंग शाळेत. “तुझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं गाडी ठोकली आणि म्हणाला, ब्रेकच लागला नाही, तर तू काय करतेस?”

“खाली उतरवते.”

“आणि म्हणाला, माझं चुकलं, पाय ॲक्सिलरेटरवर गेला?”

“पुन्हा चालवायला लावते.”

“का गं? गाडी तर दोघांनीही ठोकली.”

नवरा पाय आपटत आत गेला. मी गाडीची किल्ली घेतली. शाळेचीच गाडी, टपावर ‘शिकाऊ चालक’ अशी भली मोठी पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक. शिकवणी नसेल तेव्हा ती मला मिळते. त्या दिवसापासून दहा दिवस, सकाळी नाहीतर संध्याकाळी, मी सासूबाईंना घेऊन गावभर फिरले. गाडीला दोन ब्रेक होते. सासूबाईंना एकही नव्हता.

निघण्याआधी त्यांनी दवाखान्याच्या दारावर पुठ्ठा लावला: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत येथे दिलेली लस गोठलेली होती. तिचा उपयोग नाही. मांजर पुन्हा आणा. चूक माझी. – टॉवेलमावशी.’ डॉक्टरांनी तो काढला. सासूबाईंनी दुसरा लावला. डॉक्टरांनी तोही काढला. असं चार दिवस चाललं, दोघंही तोंडानं एक शब्द न बोलता. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पुठ्ठा काढला नाही. त्याच्याखाली, जे अक्षर जगात फक्त सासूबाईंना लागतं त्या अक्षरात, लिहिलं होतं: ‘काकडी माझी. पुन्हा लस देताना काहीही घेणार नाही. – डॉक्टर.’ मग काय, दिवसभर येणारा प्रत्येक जण विचारत होता की काकडीचं काय, आणि डॉक्टरांना ती गोष्ट प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावी लागत होती. त्यांची बायकोही ऐकून गेली.

घरोघरची गोष्ट मात्र पुठ्ठ्याइतकी सोपी नव्हती. सासूबाई दारातच सांगायच्या, चहा-पाणी काही नको. पिशवीतून दोन्ही बाटल्या काढायच्या, जोरजोरात हलवायच्या आणि समोरच्याच्या टेबलावर ठेवायच्या. चांगली लस एकसारखी गढूळ राहायची. गोठलेलीचा गाळ भराभर तळाशी बसायचा, वर नुसतं पाणी. “ही तुमच्या मांजराला दिली,” त्या गाळाकडे बोट दाखवून म्हणायच्या. “ही द्यायला हवी होती.” कुणी हसलं. कुणी कपाळावर हात मारला. एका माणसानं वीस मिनिटं आवाज चढवून आमचा उद्धार केला आणि शेवटी विचारलं, “उद्या किती वाजता आणू?” अकरा जण म्हणाले, आता आम्ही काचेच्या दवाखान्यात जाणार. सासूबाईंनी त्यांच्या कार्डावर स्वतःच्या हातानं ‘लस बाद, पुन्हा द्यावी’ असं लिहून दिलं. “जा, पण जाच. परवा फोन करून विचारणार आहे.” आणि विचारलंही. यादीत त्या अकरांपुढेही खूण केली, तितक्याच ठळक.

त्रेचाळिसावं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई तिथे एकटी राहते. तिनं तीन महिन्यांचं पिवळं पिल्लू आणलं होतं, लसही अगदी वेळेवर दिली होती. तिनं दार उघडलं आणि आम्हाला बघून म्हणाली, “मावशी, ते गेलं हो. मागच्या आठवड्यात. उलट्या, जुलाब... तीन दिवसांत.”

मी सासूबाईंचं कोपर मागून धरलं. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला होता, गच्च. एवढं एक घर सोडा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. मेलेल्या मांजराला लस लागत नाही.

“माझंच चुकलं,” ती बाई म्हणाली. “तुम्ही लस दिलीत, सगळं केलंत. मी खिडकी उघडी ठेवायचे. बाहेरून काहीतरी आलं असणार.” तिच्यामागे खिडकी दिसत होती. चारी कडांना रुंद चिकटपट्टी लावून ती बंद करून टाकली होती. त्या गरमीत.

सासूबाईंनी माझा हात सोडवला. “खिडकी उघडा,” त्या म्हणाल्या. “खिडकीचा दोष नव्हता. तुमचाही नव्हता.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाटल्या काढल्या नाहीत, नुसतं सांगितलं. लस चांगली असती तर वाचलं असतं का, असं तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “बहुतेक वाचलं असतं.” ‘नक्की सांगता येत नाही’ असं म्हणून सुटता आलं असतं. त्या सुटल्या नाहीत.

बाईनं दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावून घेतलं. ते जास्त लागलं.

गाडीत बसल्यावर सासूबाई आपल्या टॉवेलात तोंड खुपसून रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते, आणि मीही रडले, आणि रागही आला: त्यांचा, फ्रिजचा, आणि ‘चूक झाली तर गप्प बसावं’ असं आपल्याला लहानपणापासून शिकवणाऱ्या सगळ्यांचा. मग त्यांनी नाक पुसलं आणि यादी काढली. “चव्वेचाळीस. डावीकडे घे.”

ती बाई आजही सासूबाईंना बघून रस्ता ओलांडते. पण महिनाभरानं एका विद्यार्थ्याला घेऊन मी त्या रस्त्यानं गेले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी फक्त मान हलवली आणि भाजी निवडत राहिल्या.

आणि आता कुलूपवाले. त्यांच्याकडे सासूबाई पहिल्याच दिवशी गेल्या होत्या, रस्ता ओलांडून, दोन्ही बाटल्या घेऊन. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. कुलूपवाल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाले, “तीन वर्षं माझं डोकं खाल्लंत! आणि शेवटी टोचलंत काय, तर पाणी!”

“हो,” सासूबाई म्हणाल्या.

“आता तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवायचा?”

“माझ्यावर नका ठेवू. बिजागरीला लस द्या.”

“चालत्या व्हा.”

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण कुलूपवाल्यांच्या हातात जशी कानस, तसा तोंडात विषय सापडला. किल्ली घासायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायला लागले, की लसबिस सगळं थोतांड, समोरच्या दवाखान्यानंच कबूल केलंय. आठवडाभरात दोघं-तिघं दवाखान्याच्या दारातून परत गेले. एक बाई नवं पिल्लू वजन करून घेऊन गेली, लस नको म्हणाली. डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, “बघा. मी हेच सांगत होतो. खरं सांगून तुम्ही मांजरांचं भलं केलंत की वाईट?”

हा घाव वर्मी बसला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मी म्हटलं, आता तरी थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या पुन्हा रस्ता ओलांडून गेल्या. मी गाडीत बसून बघत होते, काच खाली करून.

“तुमच्या हातून कधी किल्ली चुकीची घासली जात नाही?” त्यांनी विचारलं.

“जाते. मग?”

“मग गिऱ्हाइकाला काय सांगता? आजपासून कुलपं वापरू नका, दारं उघडी टाका?”

कुलूपवाल्यांनी कानस खाली ठेवली.

“नवी घासून देता ना? मग मला नावं ठेवा. हवी तेवढी ठेवा, माझ्याच दारात उभं राहून ठेवा. लशीला नावं ठेवू नका. मी चुकले, लस नाही चुकली. तुमचं ऐकून एक पिल्लू काल लस न घेता गेलं. ते मेलं तर नॉब कुणी फिरवला म्हणायचं?”

कुलूपवाल्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. शटराखालून सासूबाईंचे पाय दिसत होते, आणि ते पाय बराच वेळ तिथून हलले नाहीत.

त्यानंतर त्या रोज जायच्या. बोलायच्या नाहीत. गल्ल्यावर दोन बाटल्या हलवून ठेवायच्या, गाळ बसेपर्यंत उभ्या राहायच्या, बाटल्या उचलून परत यायच्या. बिजागरी एक डोळा उघडून बघायची. आणि आणखी एक झालं: कुलूपवाल्यांच्या दुकानातलं थोतांडाचं भाषण बंद झालं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. तोवर यादी भरत आली होती. सगळ्या नावांपुढे खूण, त्रेचाळीसपुढे नुसती एक आडवी रेघ, आणि फक्त बिजागरीची जागा रिकामी.

मग एके दिवशी कुलूपवाले स्वतः रस्ता ओलांडून आले. हातात मांजरी नव्हती. बाकांवर माणसं होती, मी पण होते, लंगडीला नखं कापायला घेऊन. ते सरळ आत गेले. “फ्रिज उघडा.”

सासूबाईंनी उघडला. ते वाकले, आत डोकं घातलं. आता तिथे दोन तापमापक आहेत, एक दारात आणि एक मागे, पूर्वी काकडी असायची तिथे. त्यांनी दोन्ही वाचले. नॉब तीनवर होता. त्याला अंगठा लावून त्यांनी माप घेतल्यासारखं केलं, दार लावलं आणि कुणाशी एक शब्दही न बोलता निघून गेले. डॉक्टर म्हणाले, “आता हा माणूस तक्रार करणार.” सासूबाई म्हणाल्या, “करू देत. लेखी कबुली लागली तर मी देईन.”

तीन दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी एका हातात पिशवी, पिशवीतून बिजागरीचं चिडलेलं डोकं बाहेर. दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

“कोपऱ्यावरच्या काचेच्या दवाखान्यात गेलो होतो,” ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असे, पहिल्यासारखेच. “म्हटलं, हिला लस द्यायची आहे, तुमचा फ्रिज कितीवर असतो? तर म्हणाले, आमचा फ्रिज कधीच बिघडत नाही. मी म्हटलं, ते नाही विचारलं, कितीवर असतो? कुणाला माहीत नव्हतं.” त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. “चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडतोय. आमचं कुलूप कधीच उघडणार नाही म्हणणाऱ्याचंच सगळ्यात आधी उघडतं.”

सासूबाईंनी टॉवेल पसरला, पण कुलूपवाल्यांनी हातानं थांबवलं. आधी त्यांनी कागद सोडला. आत पितळेची एक छोटी टोपी होती, नॉबवर बरोब्बर बसेल अशी, आणि तिला नखाएवढं कुलूप. त्यांनी गुडघ्यावर बसून ती नॉबवर बसवली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. नॉब हलेना.

“किल्ली एकच केली आहे,” ते उठून म्हणाले. डॉक्टरांनी हात पुढे केला. कुलूपवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. किल्ली सासूबाईंच्या तळहातावर ठेवली.

सासूबाई एक पाऊल मागे सरल्या. “माझ्याकडे? अहो, नॉब मीच फिरवला होता.”

“म्हणून तर,” कुलूपवाले म्हणाले, आणि त्यांनी बिजागरीला पिशवीतून बाहेर काढलं.